तीन आठवड्यांत नव्वद किलोमीटर

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस नारायणगावच्या बाजूचे काही विद्यार्थी माझ्याकडे एक प्रश्न घेऊन आले. त्यांच्या शाळेतल्या तेरा जणांनी सायकलवरून नाणेघाटाला जायचे ठरवले होते. नारायणगाव ते जुन्नर सुमारे १५ किलोमीटर. तेथून आपटाळे, चावंड करीत घाटघरजवळच्या नाणेघाटापर्यंत सुमारे ३० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन नव्वद. हातात दिवस होते फक्त एकवीस. त्यांच्यापैकी एकानेही आजवर एका दिवसात वीस किलोमीटरपेक्षा जास्त सायकल चालवलेली नव्हती.

खरा प्रश्न मात्र पुढेच होता. तेरा जणांत एक मुलगी होती. रोज सहा किलोमीटरवरून ती शाळेला येई, पण जुन्या, जड सायकलवर आणि सावकाश. "सर, तिला नेले तर आम्ही सगळे मागे पडू. तिला घेऊ का नको?" असे एकाने विचारले. ती तिथेच उभी होती. काही बोलली नाही.

"आधी गणित मांडू, मग ठरवू," मी म्हटले. तेच गणित तुमच्यापुढे ठेवतो.

पहिले गणित उजेडाचे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ऊस वाढला आहे आणि उसात बिबट्यांचा वावर वाढला आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी खास निवारा केंद्र आहे, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या कडेने, सायकलवर वाकून, एकट्यादुकट्याने जाणे धोक्याचे. शिवाय अंधारात ट्रकवाल्याला सायकल दिसत नाही ते वेगळेच. तेव्हा सूर्य उगवल्यावर निघायचे आणि मावळण्यापूर्वी परत यायचे, हा पहिला नियम.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अकरा तास मिळाले. सव्वासातला निघालो आणि ताशी १५ किलोमीटरने चाललो, तर नव्वद किलोमीटरला सहा तास लागतील. दर तासाला दहा मिनिटे थांबलो तर एक तास गेला. नाणेघाटावर दीड तास. पंक्चर, सुटलेली चेन, चढावर पायी जाणे यांना पाऊण तास. एकूण सव्वानऊ तास. म्हणजे साडेचारला घरी. सूर्यास्ताला अजून दीड तास बाकी!

मुले एकमेकांकडे पाहू लागली. ताशी १५ किलोमीटर हा काही मोठा वेग नव्हे. ती मुलगी शाळेला येते तो वेग साधारण तेवढाच.

"पण ताशी २५ ने गेलो तर लवकर पोहोचू की," एक जण म्हणालाच. तो त्यांच्यातला सर्वांत वेगवान सायकलपटू.

दुसरे गणित हवेचे

सपाट रस्त्यावर सायकलला दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायर आणि रस्ता यांच्यातला रोध. टायर चेपतो, पुन्हा फुगतो, त्यात ऊर्जा वाया जाते. हा रोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा, हवेचा रोध. हा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट.

समजा, मुलाचे वजन ५० किलो आणि सायकल व सामान मिळून २० किलो. साध्या, ताठ बसून चालवायच्या सायकलला टायरचा रोध साधारण ५.५ न्यूटन पडतो. ताशी १५ किलोमीटर वेगाला हवेचा रोधही जवळजवळ तेवढाच, म्हणजे साडेपाच-सहा न्यूटन. बळाला वेगाने गुणले की शक्ती मिळते. हा गुणाकार केला तर असे दिसते:

ताशी १५ किलोमीटर : सुमारे ५० वॅट
ताशी २० किलोमीटर : सुमारे ९० वॅट
ताशी २५ किलोमीटर : सुमारे १५० वॅट

वेग दुप्पटही झाला नाही आणि शक्ती मात्र तिप्पट लागली! सराव नसलेल्या शाळकरी मुलाला पन्नास-साठ वॅटचे काम बराच वेळ जमते. दीडशे वॅट फार वेळ झेपत नाहीत. शिवाय १५ ऐवजी २० ने गेलात तर नव्वद किलोमीटरमध्ये वाचतो फक्त दीड तास, आणि एकूण कार्य मात्र सुमारे १००० किलोज्यूलवरून १४०० वर जाते.

समोरून वारा असेल तर काय होईल? तुम्ही ताशी १५ ने जात आहात आणि वाराही ताशी १५ ने तोंडावर येत आहे. हवेच्या दृष्टीने तुमचा वेग ३०! रोध चौपट. नाणेघाटाच्या वाटेवर हे विसरून चालणार नाही. पावसाळ्यात तेथे कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा वर उसळतो की, खाली पडणारा धबधबा उलटा वर उडतो. पाण्याला जो उचलतो तो वारा सायकलवाल्याची काय गत करील! म्हणून निघण्यापूर्वी देवळावरच्या ध्वजाकडे किंवा चुलीच्या धुराकडे पाहून वारा कोणीकडचा आहे ते ओळखायला शिका.

तिसरे गणित शिधोरीचे

आपले स्नायू म्हणजे एक इंजिनच. पण अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच पायडलवर पोहोचतो. उरलेल्याची उष्णता होते. एक किलोकॅलरी म्हणजे ४.२ किलोज्यूल. त्याचा चौथा भाग साधारण एक किलोज्यूल. म्हणजे एक सोपा हिशेब हाती आला: पायडलवर एक किलोज्यूल कार्य करायचे तर साधारण एक किलोकॅलरी अन्न हवे.

सपाटीचे १००० किलोज्यूल झाले. आता वाटेतले छोटे-मोठे चढ मिळून ५०० मीटर धरू. ७० किलो वजन ५०० मीटर वर न्यायला सुमारे ३४० किलोज्यूल. म्हणजे एकूण साडेतेराशे किलोकॅलरींच्या आसपास. शरीराचा रोजचा खर्च वेगळा.

हे इंधन येते कोठून? शरीरात दोन कोठारे आहेत. एक चरबीचे. ते इतके मोठे आहे की बारीक माणसाचेही एका दिवसात संपत नाही. पण त्यातून ऊर्जा सावकाश मिळते. दुसरे कोठार ग्लायकोजेनचे. ही पिष्टमय पदार्थांपासून बनलेली साठवणीची साखर. ती स्नायूंत आणि यकृतात असते. मोठ्या माणसाच्या शरीरात ती सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. शाळकरी मुलाची त्याहून कमी. सावकाश चालवले तर शरीर चरबी बऱ्यापैकी वापरते आणि साखर पुरवून पुरवून खर्च करते. जोरात चालवले तर साखरेवरच ताण पडतो. यकृतातली साखर संपत आली की रक्तातली साखर उतरते आणि मेंदूला इंधन कमी पडते. मग हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, उगीच चिडचिड होते.

यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला थोडे खायचे. एक केळे आणि गुळाचा एक खडा मिळून ४० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळते. गूळ-चपाती, राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याचा लाडू, सगळे चालेल. तळलेले वडे मात्र परतल्यावर. ते पचायला वेळ लागतो.

आणि पाणी? ५० वॅट पायडलवर गेले तर १५० वॅट उष्णता अंगात राहिली. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने तासाला पाव लिटर घाम तरी हवाच. उन्हात, चढावर तो दुप्पट-तिप्पट होतो. तेव्हा तहान लागेल तसे घोट-घोट प्यावे. घामात मीठ जाते, म्हणून दिवसातून दोन-तीनदा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत घ्यावे. एकदम दोन-दोन तांबे नुसते पाणी पोटात ढकलणेही बरे नव्हे. रक्तातल्या मिठाचे प्रमाण त्याने बिघडू शकते.

तीन आठवड्यांत काय बदलते?

एकवीस दिवसांत कोणी पहिलवान होत नाही. पण शरीर बसूनही राहत नाही. रोज थोडे दमायला लागले की पहिल्या आठवड्यातच रक्तातला पातळ द्रव वाढू लागतो. त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलले जाते. घाम लवकर सुटू लागतो, म्हणजे अंग लवकर थंड होते. कोणत्या स्नायूने कधी जोर लावायचा आणि कधी सैल सुटायचे, हे मज्जासंस्था शिकते. दोन-तीन आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही वाढू लागते.

सावकाश बदलतात ते स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे आणि स्नायूंतल्या बारीक केशवाहिन्या. त्यांना महिनोन्‌महिने लागतात. म्हणूनच दम आला आहे असे वाटते आणि गुडघा मात्र दुखू लागतो. घाईने सराव करणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

तेव्हा आम्ही असे ठरवले. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड दहा-बारा किलोमीटर आणि रविवारी २५. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड पंधरा आणि रविवारी ५०. तिसऱ्या आठवड्यात दोनदाच, तेही हलके दहा किलोमीटर. शेवटचे दोन दिवस पूर्ण विश्रांती. शेवटच्या दोन दिवसांत केलेल्या सरावाने ताकद वाढत नाही, थकवा तेवढा वाढतो. सरावाचा वेग किती? शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे इतका. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला असे समजावे.

सायकलही तपासली. सीट इतकी उंच केली की पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली असली की गुडघ्यावर भार येतो. टायरमध्ये हवा भरली, चेनला तेल दिले, ब्रेकचे रबर बदलले. त्या मुलीच्या सायकलचे मागचे चाक मडगार्डला घासत होते. ते सरळ करताच तिची "सावकाश" चाल बरीच सुधारली!

चढावर उतरायला लाजू नका

साध्या सायकलला गिअर नसतात. पायडलजवळच्या दातेरी चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाटीला हे छान. पण १०० मीटरला ८ मीटर उंची वाढवणारा चढ आला तर? हिशेब केला तर पायडलवर सरासरी ३० किलो वजनाइतका दाब द्यावा लागतो. शिवाय पाय जोर देतो तो मुख्यतः खाली जातानाच. त्यामुळे क्षणभर हा दाब ५० किलोच्या आसपास, म्हणजे मुलाच्या सबंध वजनाइतका होतो. म्हणूनच आपण चढावर सीटवरून उठून उभे राहतो.

असे शे-दोनशे वेळा केले की मांड्या भरून येतात. त्यापेक्षा उतरून सायकल ढकलत नेणे शहाणपणाचे. पुढे कधी आंबेगाव तालुक्यात घोडेगावहून भीमाशंकरला गेलात, तर डिंभे धरण मागे टाकल्यावर पोखरीच्या घाटात हे तुम्हाला पटेल.

उतारावर वेगळाच हिशेब. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर ताशी १५ वेगाला सायकल थांबायला, सावध व्हायला लागणारा क्षण धरून, सुमारे ७ मीटर लागतात. ताशी ३० ला सुमारे २० मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळजवळ तिप्पट. तेव्हा उतारावर दोन सायकलींत भरपूर अंतर हवे.

तेरा जणांचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकट्यापेक्षा गटाने जाण्याचा फायदा काय?

पुढचा सायकलवाला हवा बाजूला सारतो. त्याच्या मागे जवळ राहणाऱ्याला हवेचा रोध सुमारे तीस टक्के कमी लागतो. नवख्यांनी मध्ये एक सायकलभर अंतर ठेवावे. फायदा थोडा घटतो, पण अपघात टळतो. समोरून वारा असताना हा आडोसा फार मोलाचा. म्हणून ज्याच्यात दम जास्त त्याने पुढे राहून वारा झेलायचा, पाच-दहा मिनिटांनी बदली द्यायची, आणि ज्याला आधार हवा त्याला दुसऱ्या-तिसऱ्या जागी ठेवायचे. ट्रकच्या किंवा उसाच्या ट्रॉलीच्या मागे मात्र हा प्रयोग कधीही करू नका. तिने ब्रेक मारला की तुम्हाला वेळच मिळत नाही.

गटाचा तोटाही आहे. तेरा जण आपापल्या सोयीने पाच-पाच मिनिटे थांबले, तर सगळ्यांची ६५ मिनिटे गेली. म्हणून थांबायचे ते सर्वांनी एकदम.

ही युक्ती काही नवी नव्हे. १८९७ साली इटलीत बारा सायकलस्वार रोमहून नेपल्सला, २३० किलोमीटर, एका दिवसाच्या उजेडात जायला निघाले. त्यांना 'ऑडॅक्स', म्हणजे धाडसी, असे नाव मिळाले. पुढे १९०४ पासून फ्रान्समध्ये अशा सफरी सुरू झाल्या. त्यांत शर्यत नसते. एक पथप्रमुख वेग ठरवतो आणि सारा गट त्या वेगाने जातो. आज जगभर, आपल्याकडेही, होणाऱ्या 'ब्रेव्हे' सफरींत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. भागाकार करा. ताशी १५ सुद्धा येत नाहीत!

आणि आपल्या मुंबईचे उदाहरण तर पाहाच. १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ साली परतले. सुमारे १६०० दिवस धरले तर दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर पडतात. त्यांनी जग पार केले ते वेगाने नव्हे, सातत्याने. आषाढीला आळंदीहून निघणारी दिंडी तरी दुसरे काय करते? तिची चाल तरण्याताठ्यांवर ठरत नाही, म्हणून म्हातारी माणसेही पंढरीला पोहोचतात.

गणित संपले तेव्हा निर्णय वेगळा सांगावा लागलाच नाही. ताशी १५ चा वेग ज्याला न चुकता राखता येईल त्याने गटाचा वेग ठरवायचा. असा एकच माणूस त्यांच्यात होता. रोज बारा किलोमीटर, एकाच चालीने चालवणारी ती मुलगी!

प्रत्यक्षात काय झाले

डिसेंबरातल्या रविवारी तेरा सायकली, दोन शिक्षक आणि मागे पालकांचा एक टेंपो असे आम्ही निघालो. सर्वांच्या डोक्यावर हेल्मेट होते. जुन्नरपर्यंत सारे ठीक चालले. आपटाळे मागे पडल्यावर समोरून वारा सुरू झाला. आमचा वेगवान गडी कंटाळला आणि एकटाच पुढे निघून गेला. आम्ही नाणेघाटावर पोहोचलो तेव्हा तो अर्धा तास आधी येऊन बसला होता. वाटेत त्याने काही खाल्ले नव्हते. वर चहा-बिस्किटे खाल्ली आणि तेवढ्यावरच परत निघाला.

परतीला चावंडजवळ तो रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. चेहरा पांढरा, हात थरथरत होते. टेंपोत बसायला तयार होईना, आणि मदतीला आलेल्या मित्रावर खेकसला. लक्षणे तुम्ही ओळखलीच असतील. त्याला सावलीत बसवले. गूळ, केळे आणि सरबत दिले. वीस-पंचवीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. चक्कर, थरथर पूर्ण थांबल्याची खात्री करूनच मी त्याला सायकलवर बसू दिले. नाहीतर टेंपोच.

"तिसऱ्या जागी ये," ती मुलगी एवढेच म्हणाली आणि पुढे लागली. तो मुकाट्याने तिसरा झाला.

नारायणगावला पोहोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. आमच्या हिशेबापेक्षा वीस मिनिटे उशीर, पण ऊन अजून होते आणि तेराच्या तेरा जण सायकलवर होते.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात कोरलेली संख्याचिन्हे भारतातल्या जुन्या संख्याचिन्हांपैकी आहेत. त्या भिंतीसमोर ती मुलगी बराच वेळ उभी होती. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांनाही आपल्यासारखाच हिशेब करावा लागत असेल, नाही का, असे तिने विचारले. अंतर किती, ओझे किती, पाणी कुठे, आणि अंधार पडायला वेळ किती?

करून पाहा : शाळेजवळच्या सपाट रस्त्यावर वारा नसताना ताशी १५ च्या सुमारास वेग घ्या आणि एका खुणेपाशी पायडल मारणे थांबवा. सायकल किती मीटरवर आपोआप थांबते ते मोजा. मग टायरमध्ये पुरेशी हवा भरून, आणि नंतर हँडलवर वाकून, तोच प्रयोग करा. कोणत्या बदलाने अंतर जास्त वाढले? असे का झाले असावे, ते वहीत लिहून ठेवा.